खिंडीवरचा राउटर

बुरुलचाची सासू शेजारणींना सांगते, आमची सून डोंगरांना बोलायला लावते. बुरुलचा तिला दुरुस्त करत नाही. एकदा केलं होतं.

"आई, डोंगर बोलत नाहीत. कुणी कुणाशी कसं बोलायचं, एवढंच मी ठरवते."

"मग ते जास्तच अवघड," सासू म्हणाली. "मला तीन सुनांमध्ये जमलं नाही."

नारीन शहरातल्या दूरसंचार कार्यालयात बुरुलचा नेटवर्कचं काम बघते. वय चौतीस. खांद्यावर बाराही महिने राखाडी शाल, कारण यंत्रांच्या खोलीत शेगडी पेटवायला मनाई आहे. ती मोठ्याने बोलत नाही. पण महत्त्वाचं बोलायचं असलं की उभी राहते. ही सवय तिला घरच्या डोंगराने लावली.

ती अक-जारची. तुमान-बेल खिंडीपलीकडे चार गावं आहेत, चारी चार खोऱ्यांत. अक-जार, तेरेक-बाशी, चोलोक-सू आणि कारा-ओय. एका खोऱ्यातला आवाज दुसऱ्या खोऱ्यात जात नाही. लहानपणी याक हरवला की बाप खाली उतरून शोधायचा आणि बुरुलचा खिंडीच्या धारेवर उभी राहायची. एका खोऱ्यातून हाक आली की ती वळून दुसऱ्या खोऱ्यात द्यायची.

"चोलोक-सूवाले म्हणतात, एक याक आलाय, डावा कान फाटलेला."

"विचार त्यांना, लाथ मारतो का?"

ती वळून विचारायची. पुन्हा वळायची.

"मारली म्हणतात."

"मग आमचाच."

आता त्या धारेवर टॉवर आहे. टॉवरवर एक रेडिओ, खाली लोखंडी पेटीत एक राउटर. चार गावांच्या आरोग्य केंद्रांत आणखी चार राउटर. राउटर म्हणजे वाटा सांगणारं यंत्र. माझ्यामागे अमुक गाव आहे, तिकडचा निरोप माझ्याकडे द्या, असं ते बाकीच्यांना सांगत राहतं. याच जाळ्यावरून नारीनच्या इस्पितळातले डॉक्टर गावातला रोगी पडद्यावर बघतात. हिवाळ्यात बर्फाने खिंड बुजली की गावांना डॉक्टरांपर्यंत तेवढी एकच वाट उरते.

हे जाळं उभं केलं असानकुल यांनी. ते बुरुलचाचे तंत्रशाळेतले शिक्षक. पुढे तेच कार्यालयात तिचे वरिष्ठ झाले. ती त्यांना अजून आगाय म्हणते, म्हणजे गुरुजी. टॉवर उभारला त्या हिवाळ्यात आगाय स्वतः वर चढून बर्फ फोडत. एका डोळ्याची पापणी तेव्हापासून अर्धी मिटलेली आहे. लोकांना वाटतं ते संशय घेतायत.

त्यांनी राउटर मांडले ते दस्तरखान, म्हणजे पंगतीचं कापड, मांडतात तसे. राउटरच्या प्रत्येक दाराला एक प्रकार सांगावा लागतो. या दाराबाहेर काय आहे? दोघांचंच बोलणं आहे, की एक खोली आहे जिथे सगळे सगळ्यांना ऐकू शकतात? आगायांनी खोली सांगितली. खोलीत राउटर आपल्यातून एक प्रमुख निवडतात. बाकीचे आपापल्या वाटा त्यालाच सांगतात आणि तो सगळ्यांना वाटतो. निवड मानाच्या आकड्यावर होते. आगायांनी खिंडीवरच्या राउटरला सर्वांत मोठा आकडा दिला, गावांना एकेक. प्रमुख वर, मंडळी खाली. बघायला सुरेख होतं.

आणि ते चाललंही. तेव्हा खिंडीवर पहारेकरी राहायचा, जनरेटर कधी थांबायचा नाही. मग पहारेकऱ्याच्या जागी सौरपट्ट्या आल्या. वादळात चार दिवस सूर्य दिसला नाही की वरची वीज जाऊ लागली. वीज परत यायची, रेडिओचे दिवे हिरवे व्हायचे, आणि चारातलं एकच गाव दिसायचं. बाकीची तीन अंधारात.

आगाय म्हणायचे, "बर्फ साचलाय तारेवर."

त्यांनी उपायही काढला होता. चारी गावांना फोन करायचा, तो जाळ्यावर अवलंबून नव्हता. सगळ्यांनी एकदम राउटरची पिन उपसायची, शंभर आकडे मोजायचे, परत लावायची. मग सगळं ठीक व्हायचं. अक-जारची परिचारिका सैराखान, जिला बुरुलचा मानाने एजे म्हणजे ताई म्हणते, या कामात इतकी तरबेज झाली होती की शंभर मोजता मोजता ती पिठाचे गोळे करून ठेवायची.

जानेवारीत वादळ आलं तेव्हा सैराखान एका बाळंतिणीपाशी होती. पिन उपसायला केंद्रात कुणी नव्हतं. अक-जारच्या बाजूने जाळं दोन दिवस बंद राहिलं. मूल आडवं होतं. सैराखानने हाताने फिरवलं. आई आणि मूल दोघं वाचली, पण सैराखान नंतर फोनवर एकच वाक्य बोलली. "पुन्हा मला एकटीला हे करायला लावू नका."

राजधानीतल्या मुख्य कार्यालयात हे पोचलं. तिथून तपासनीस एल्दारचा फोन आला. माणूस उद्धट नव्हता, घाईत होता.

"आणखी एकदा असं झालं की टॉवर उतरवतोय. गावांना उपग्रहाच्या थाळ्या देऊ."

"थाळीवर डॉक्टरांना चित्र दिसणार नाही," बुरुलचा म्हणाली.

"अक्षरं तर जातील."

"आडवं मूल अक्षरांत कसं दाखवायचं?"

एल्दारने पलीकडे काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाला, "मग टॉवर चालवून दाखवा."

टॉवर राहतो की जातो, एवढाच आता प्रश्न होता.

बुरुलचाने कपाटातून तीन जुने राउटर काढले. टेबलावर मांडले, तारांनी जोडले. तिला काय दिसणार ते तिला माहीत होतं. आगायांनी ते स्वतः बघायला हवं होतं. तिने त्यांना चहाला बोलावलं.

"हा खिंडीवरचा," ती म्हणाली. "मानाचा आकडा तुम्ही दिलेलाच आहे. हे दोघं गाववाले."

"दिसतंय. प्रमुख झालाय."

तिने खिंडीवरच्याची पिन काढली. थोड्या वेळात उरलेल्या दोघांतला एक प्रमुख झाला. तिने पिन परत लावली. आगायांनी चहात बोर्सोक, तळलेला पिठाचा गोळा, बुडवला.

"आता उठेल तो," ते म्हणाले.

दोघं बघत राहिले. बोर्सोक संपला. बुरुलचाने दुसरा चहा ओतला.

"उठत नाही," आगाय म्हणाले.

"नाही उठत."

"वडीलधारा दारात उभा आहे. आणि हा बसून?"

"राउटर उठत नाहीत, आगाय. जो आधी बसला तो बसला. मागून येणारा कितीही मोठा असो."

आगायांनी पापणी आणखी मिटली. आपल्याकडे म्हातारा दारात आला की आख्खी खोली सरकते. तोरवर, दारासमोरच्या मानाच्या जागी, बसलेला माणूस घास हातात घेऊन उठतो. याला नियम म्हणत नाहीत. हे असतंच. आगायांनी आकडा मोठा दिला आणि निश्चिंत झाले. उठायला सांगावं लागतं, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"कुणी शिकवलं यांना असं?"

"कुणीच काही शिकवलं नाही. म्हणून तर."

"आणि डोंगरात?"

"डोंगरात आणखी वाईट. वीज गेली की चारी गावांना कुणाचंच ऐकू येत नाही. प्रत्येक गाव स्वतःलाच प्रमुख करतं. खिंडीवरचा परत येतो तेव्हा घरोघरी प्रमुख. तो त्यातल्या एकाला मानतो. उरलेले तिघे फुगून बसतात."

आगाय हसले नाहीत. चहा अर्धा ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिच्या टेबलापाशी उभे होते. टोपीवर बर्फ तसाच.

"गावांचा मान शून्य करू," ते म्हणाले. "शून्यवाल्याला प्रमुख होताच येत नाही. मग खिंडीवरचाच राहील. नियमात आहे."

"आहे. प्रमुखाचं भांडण मिटेल." ती उभी राहिली. "पण खोली खोटीच राहील. अक-जारला वाटतं चोलोक-सू आपल्याच खोलीत बसलंय. म्हणून ते निरोप खिंडीवर न देता थेट चोलोक-सूला देतं. मध्ये डोंगर आहे. निरोप पोचत नाही."

"गावाला गावाशी काय बोलायचंय? इस्पितळाशी बोललं की झालं."

"सैराखान एजेला त्या रात्री शेजारच्या गावातली सुईणही पडद्यावर हवी होती. नुसते डॉक्टर नव्हेत."

आगाय खुर्चीत बसले.

"मग तुझं म्हणणं काय?"

"खोली नाहीच. तिसरा एक प्रकार आहे. मध्ये एक, भोवती अनेक, आणि भोवतीच्यांना एकमेकांचं ऐकू येत नाही. खिंडीवरचा प्रत्येकाशी वेगळं बोलेल. एकाचं दुसऱ्याला देईल. प्रमुख कुणीच नाही."

"दस्तरखान घातला आणि तोरवर कुणीच नाही?"

"दस्तरखान नाही, आगाय. धार आहे. धारेवर उभा असतो तो प्रमुख नसतो. मधला असतो."

"मधला," आगाय म्हणाले. शब्द त्यांनी चघळून बघितला. "टॉवरचं उद्घाटन झालं तेव्हा मी भाषणात त्याला सरदार म्हटलं होतं."

"सुंदर भाषण होतं."

"तू ऐकलं नव्हतंस. तू तेव्हा शिकत होतीस."

"सगळे सांगतात."

"सगळे खोटं बोलतात. थंडी होती, लोक निघून गेले." ते उठले. टोपी झटकली. "कधी करतेस?"

"शुक्रवारी दुपारी. हवा मोकळी आहे."

"आधी लांबचं. मग जवळचं."

"हो."

"तुला माहीत आहे हे मला माहीत आहे. मला म्हणायचं होतं."

शुक्रवारी दुपारी एल्दार राजधानीतून फोनवर होता. त्याच्याही पडद्यावर चारी गावं दिसत होती. संध्याकाळपर्यंत चारी परत दिसली नाहीत तर त्याला पुढचं बोलायची गरजच नव्हती.

आधी लांबचं, म्हणजे आधी गावांचे राउटर बदलायचे. गावाचा प्रकार बदलला की ते गाव तुटतं, कारण खिंडीवरचा अजून जुन्याच पद्धतीने बोलत असतो. चारी गावं अशी एकेक करून तोडायची. मग खिंडीवर शेवटची एक ओळ लिहायची, की सगळी एकदम परत येतात. उलट केलं तर गावांपर्यंत हातच पोचत नाही. खिंडीवरूनही गावात शिरता येत नसे. गावांचे राउटर फक्त नारीनच्या कार्यालयाला दार उघडत, आणि तेही कार्यालयाची वाट त्यांना ठाऊक असेल तेव्हाच. एखादं अक्षर चुकलं तर ते गाव गेलं. खिंड मार्चअखेर उघडते.

बुरुलचाने कारा-ओयची ओळ लिहिली. वाचली. पुन्हा वाचली. कळ दाबली. कारा-ओय गेलं.

चोलोक-सू गेलं. तेरेक-बाशी गेलं. अक-जारला तिचा हात क्षणभर थांबला. अक-जार गेलं.

"चारी गेली," फोनमधून एल्दार म्हणाला.

"मी घालवली," बुरुलचा म्हणाली.

तिने खिंडीवर ओळ लिहिली. आगाय मागे उभे होते. त्यांच्या श्वासाला तंबाखूचा वास होता. पडदा रिकामा राहिला. मग अक-जार आलं. कारा-ओय आलं. चोलोक-सू आलं.

तेरेक-बाशी आलं नाही.

चहा गार झाला. तेरेक-बाशी आलं नाही.

"तीन आहेत," एल्दार म्हणाला.

बुरुलचाने आपण लिहिलेली ओळ वर जाऊन तपासली. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. तिने डोळे मिटले. राउटर ठरावीक वेळाने मी आहे, मी आहे म्हणत असतात. खोलीत दर दहा सेकंदांनी. नव्या प्रकारात दर तीस. दोघांचा ठेका जुळला नाही तर ते एकमेकांना ओळखच देत नाहीत. प्रकार बदलला की ठेका आपोआप बदलतो. तीन गावांत बदलला होता.

"थांब," आगाय म्हणाले. त्यांचा आवाज वेगळा होता. "तेरेक-बाशी आपलं पहिलं गाव. तिथे मी ठेका हाताने लिहिला होता. दहा."

"का?"

"लिहून बघत होतो. शिकत होतो मीही." ते थांबले. "मग तो तसाच राहिला. सगळीकडे दहाच होता. काय पुसायचं?"

हाताने लिहिलेलं यंत्र स्वतःहून बदलत नाही. आणि दहांच्या गर्दीत तो दहा बुरुलचालाही दिसला नव्हता. तेरेक-बाशी तिथे होतं, जिवंत होतं, दर दहा सेकंदांनी मी आहे म्हणत होतं. खिंडीवरचा ते मनावर घेत नव्हता.

"ऐका," एल्दार म्हणाला. त्याच्या आवाजात आता घाई नव्हती, समजूत होती. "तीन चांगली आहेत. ती ठेवा. चौथ्याला वसंतात माणूस पाठवू. टॉवरचं मी बघतो, तीन गावांवर मी ते पटवून देऊ शकेन."

"तेरेक-बाशीला वसंतापर्यंत डॉक्टर नाही," बुरुलचा म्हणाली.

"तुमच्याकडे दुसरा उपाय आहे?"

"आहे. खिंडीचा ठेका दहा करते. मग तेरेक-बाशी येईल. आत जाऊन तिथला दहा पुसते. मग खिंडीवरचा पुसते."

"आणि तुमची ही तीन गावं? ती तीसवर आहेत."

"ती जातील."

"बाई, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नका."

बुरुलचाने आगायांकडे पाहिलं. नियमाने निर्णय त्यांचा होता. आगायांनी तिची खुर्ची मागे ओढून घेतली, कारण ती उभी राहिली होती आणि खुर्ची तिच्या गुडघ्यांना लागत होती.

तिने उभ्यानेच लिहिलं. खिंड, ठेका, दहा.

पहिलं अक-जार गेलं. मग बाकीची दोन. एल्दारने फोनमध्ये खोल श्वास घेतला. पडद्यावर एकही गाव नव्हतं.

मग तेरेक-बाशी आलं.

ती आत शिरली. आगायांचा दहा तिथे होता, एका ओळीत, इतक्या वर्षांचा. तिने तो पुसला. तेरेक-बाशी गेलं. पुन्हा सगळा अंधार. तिने खिंडीवरचा स्वतःचा दहा पुसला आणि हात शालीत घेतले.

खोलीत पंख्यांचा आवाज होता. आगाय काहीतरी पुटपुटत होते, बहुधा शंभर मोजत होते. सवयीने.

कारा-ओय आलं. तेरेक-बाशी आलं. अक-जार आलं. चोलोक-सू शेवटी आलं, नेहमीसारखं उशिरा.

"चार," एल्दार म्हणाला.

बुरुलचाने पाचही ठिकाणी सगळं जतन केलं. मग ती म्हणाली, "आता खिंडीवरचा बंद करून चालू करते. वादळात होतं तसं."

"मी सांगितलेलं नाही," एल्दार म्हणाला.

"माहीत आहे."

तिने केलं. वरचा राउटर गेला, गावं गेली. थोड्या वेळाने तो परत आला, आणि त्याच्यामागे एकामागून एक चारी गावं. कुणी कुठली पिन उपसली नाही. कुणी काही मोजलं नाही. अगदी आगायांनीही नाही.

तिने अक-जारवरून कारा-ओयला हाक घालून बघितली. ती खिंडीवरून फिरून पोचली आणि उत्तर आलं.

"टॉवर राहू दे म्हणून लिहितो," एल्दार म्हणाला. "अहवालात हे काम कुणाचं म्हणून टाकू?"

आगाय पुढे झाले आणि फोनच्या तोंडाशी वाकले. त्यांना वाटतं लांबच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं.

"बुरुलचाचं लिहा. पूर्ण नाव विचारून घ्या, चुकवू नका. आणि तेरेक-बाशीचा दहा माझा होता, तेही लिहा. लोकांना वाटायला नको की तिला कारण नसताना वेळ लागला."

"ते लिहायची गरज नाही, आगाय," बुरुलचा म्हणाली.

"तुझ्या नावापुढे अख्खी दुपार कशाला दिसायला हवी? माझ्या नावापुढे दिसू दे. माझी दुपार मोठीच असते."

एल्दार हसला. त्याने नाव विचारून घेतलं. आगायांनी त्याला ते दोनदा वाचून दाखवायला लावलं.

फोन ठेवला तोच परत वाजला. सैराखान होती.

"अगं बुरुल, जाळ्याला काय झालंय आज? आलं, गेलं, आलं, गेलं. मी डॉक्टरांना म्हाताऱ्याचा पाय दाखवत होते. ते म्हणाले अर्धाच पाय दिसतोय."

"दुपारी बंद राहील म्हणून कळवलं होतं ना, एजे?"

"बंद राहील म्हणालीस. चालू होऊन पुन्हा बंद पडेल असं कुठे म्हणालीस? चांगलं आलेलं मध्येच कुणी घालवलं?"

"मी."

"चुकून?"

"नाही. मुद्दाम."

पलीकडे म्हातारा काहीतरी कुरकुरत होता.

"बरं," सैराखान म्हणाली. "मुद्दाम असेल तर ठीक. आणि मी पिन उपसली नाही. तरी आलं. हे काय?"

"आता उपसायची नाही. कधीच."

"कधीच?" सैराखान विचारात पडली. "मग तो शंभर मोजायचा वेळ मी कुठे घालवू?"

त्यानंतर कारा-ओयचा फोन आला. तीच तक्रार. कुणी घालवलं मध्येच? बुरुलचाने पुन्हा सांगितलं, मी, मुद्दाम. आगाय दाराशी कोट चढवत होते. ते थांबून ऐकत राहिले, एक बाही आत, एक बाहेर.

चोलोक-सूचा फोन वाजला तेव्हा बुरुलचा उभीच होती. पलीकडच्या माणसाने तोंड उघडायच्या आत तिने स्वतःच सांगून टाकलं.